खळीची घोंगडी

मुलाच्या लग्नात शालनबाईने विहिणीच्या अंगावर घोंगडी घातली, तेव्हा विहीण भर मांडवात म्हणाली, "बरी आसा हो. पण आमच्याकडे भारी उकडता."

लोक हसले. विहीणही हसली. शालनबाई तेवढी हसली नाही.

माणदेशातल्या कुरणेवाडीत सणगरांची एक आळी आहे. धनगरांनी मेंढरं राखायची आणि सणगरांनी त्यांच्या लोकरीची घोंगडी विणायची, हे तिथं कुणी ठरवलेलं नाही, चालतच आलेलं आहे. नवरा गेल्यावर शालनबाई स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, आणि त्या मागावर तिने एकुलत्या एका पोराला, सिद्धनाथला, शिकवून मोठा केला. लग्नातल्या त्या घोंगडीसाठी तिने काळीभोर लोकर वेचून घेतली होती. पांढऱ्या लोकरीची दुहेरी किनार टाकली होती. आणि वर चिंचोक्याची खळ अशी बसवली होती, की घोंगडी घडी घालून जमिनीवर ठेवली तर पाटासारखी ताठ उभी राहावी. असल्या घोंगडीला काय म्हणायचं? तर म्हणे, उकडता.

पुढे सुनेच्या, केतकीच्या, तोंडून एकदा निसटलं की ती घोंगडी बोटीत असते. बोटीत! म्हणजे मासळीत! शालनबाईने त्यावर काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. व्याही वारले तेव्हा ती कोकणात, विहिणीच्या गावी मोरव्याला जाऊन आली, पण ओसरीवरच बसली आणि संध्याकाळच्या गाडीने परतली. त्यानंतर दोन्ही घरांत दिवाळीच्या फोनापुरतंच बोलणं उरलं होतं. तेही, "बरं हाय न्हवं?" "बरा आसा." झालं.

सिद्धनाथ आणि केतकी दोघंही पदार्थविज्ञान शिकलेली. मालवणच्या दक्षिणेला मोरव्याची खाडी आहे, तिथल्या एका लहानशा संशोधन केंद्रात दोघं नोकरीला होती. एका उन्हाळ्यात ती कुरणेवाडीला आली ती एक पिशवी घेऊन. सिद्धनाथने अंगणात परात मांडली, तीत पाणी ओतलं आणि पाण्यावर इंजिनाचं काळं, जळकं तेल सोडलं.

"आरं, माझी भाकरीची परात!" शालनबाई ओरडली.

"थांब की आई. आता बघ."

त्याने पिशवीतून लोकरीचा एक पुंजका काढून परातीत टाकला. पुंजका पाण्यावर तरंगत राहिला. मग तेल कुणी बोलावल्यासारखं चहूबाजूंनी त्याच्याकडे सरकू लागलं. बघता बघता पुंजका फुगला, काळा झाला, आणि परातीच्या तळाचा चरा स्वच्छ दिसू लागला. केतकीने पुंजका उचलून वाटीत पिळला. तेल वाटीत पडलं, पाण्याचा थेंब नव्हता त्यात. पिळलेला पुंजका तिने पुन्हा पाण्यात टाकला, तो पुन्हा तरंगला.

शालनबाईने बोटाने परातीतलं पाणी ढवळून बघितलं. "ही कुठली लोकर?"

"आपलीच. धनगर कातरून बांधावर टाकून देतात ती. खरखरीत म्हणून शालीवाले घेत नाहीत ना, तीच."

मग त्याने समजावून सांगितलं. लोकरीचा केस भिंगातून पाहिला तर त्यावर कौलांसारखे खवले दिसतात. मेंढीच्या अंगचा मेणचट पदार्थ त्या कौलांवर असतो, म्हणून पाणी वरून घरंगळून जातं आणि पावसात मेंढरू आतून कोरडं राहतं. तेलाचं तसं नाही. तेलाला मेणचट जागा आवडते, ते कौलांच्या फटींत शिरून बसतं. जाड, खरखरीत केसांच्या मध्ये पोकळी जास्त, म्हणून मऊ लोकरीपेक्षा ही टाकाऊ लोकर जास्त तेल पिते. या दोघांनी आणखी एक केलं होतं. कोकणात काजूच्या टरफलांचे ढीग पडलेले असतात. त्या टरफलांतून निघणाऱ्या चिकाची वाफ लोकरीला दिली आणि ती भाजून घेतली, की केसावर इतका पातळ लेप बसतो की तो दिसत नाही, हाताला लागत नाही, पण पाण्याला मुळीच थारा देत नाही. अशी लोकर आपल्या वजनाच्या कितीतरी पट तेल पिते, पिळली की सोडते, पुन्हा पिते. परदेशातून येणाऱ्या तेलशोषक पट्ट्या महाग, एकदा वापरून फेकायच्या. ही लोकर जवळजवळ फुकट. केंद्रातल्या लोकांनी तिला नाव दिलं होतं तेलपी.

"आन् हे सापडलं कसं तुम्हास्नी?" शालनबाईने विचारलं.

सिद्धनाथने केतकीकडे बघितलं. केतकी परात घासायला घेऊन गेली.

"असंच, प्रयोग करता करता," तो म्हणाला. "आई, आम्हाला याच्या पट्ट्या विणून हव्यात. जाड, दुपदरी दोऱ्याच्या. त्यांचे लोड शिवायचे, आत काथ्या भरायचा आणि माळेसारखे जोडून पाण्यात सोडायचे. तेल अडतं आणि शोषलंही जातं."

शालनबाईने वाटीतल्या काळ्या तेलाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे पोतेरं."

"आई—"

"तेल पुसायचं फडकं म्हंजे पोतेरंच की. तुझ्या आज्यानं देवाची घोंगडी विणली. मी पोतेरी विणू व्हय?"

सिद्धनाथने वाद घातला नाही. तो मागाच्या काठावर बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. मोरव्यापासून दूर समुद्रात एक जुनं मालवाहू जहाज बुडून पडलेलं होतं. इतकी वर्षं त्याच्या टाक्या शाबूत होत्या, आता गंजून फुटायला लागल्या होत्या. उपग्रहाच्या चित्रांत तेलाचे तवंग दिसायला लागले होते, आणि वारा फिरला की एखादा तवंग खाडीत शिरणार हे नक्की होतं. खाडीत बायकांच्या कालवांच्या बागा होत्या. बांबूच्या मांडवांना दोऱ्या टांगायच्या, त्या दोऱ्यांवर शिंपले वाढतात, तीच बाग. कालव दिवसभर पाणी आत ओढून, गाळून बाहेर सोडतं. तेल आत गेलं तर ते मरतं. मेलं नाही तरी त्याला तेलाचा वास धरतो आणि पुढे कितीतरी हंगाम कोणी ते तोंडात घालत नाही.

"सगळ्यांत मोठी बाग मामींची आहे," तो म्हणाला. मामी म्हणजे त्याची सासू, जयवंती. "सासरे गेल्यापासून घर त्याच्यावरच चालतं. आणि वाडीतल्या बायका मामींच्या मागे आहेत. ती बाग गेली तर सगळ्यांचं गेलं."

"तिनं सांगितलं व्हय मला विचारायला?"

"मामींना माहीतही नाही मी तुला विचारतोय ते. त्यांना कळलं असतं तर त्यांनी विचारूच दिलं नसतं."

हे ऐकून शालनबाईला का कोण जाणे बरं वाटलं. ती उठली, मागावरचा अर्धवट ताणा गुंडाळू लागली आणि म्हणाली, "दोरा धाडा. बघू."

त्या वर्षी कुरणेवाडीचं रूप पालटलं. कोकणातून लेप दिलेली लोकर यायची, आळीतल्या बायका ती कातायच्या, बंद पडलेले माग पुन्हा खटखटू लागले. लोकर बांधावर टाकणारे धनगर आता ती पोत्यात भरून दारात आणू लागले आणि वर चहाही मागू लागले. जे ते तेलपीच्या पट्ट्या विणायला लागलं. घोंगडीचं नाव कोणी काढीना. शालनबाईला ते मनातून खुपायचं, पण हात थांबले नाहीत. सिद्धनाथने एकदा घाईघाईत फोनवर बजावलं होतं, "आई, पट्ट्यांना काही लावायचं नाही बरं का."

"रंग?"

"छे."

"तेलाचा हात?"

"आई, काहीसुद्धा नाही!"

"बरं बाबा, न्हाय लावत काय."

आणि तिने काही लावलं नाही. फक्त खळ दिली.

आता हे बाहेरच्याला पटणार नाही, पण सणगराच्या घरात खळ ही लावायची वस्तूच नव्हे. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे, शिजवून लगदा करायचा आणि कुंच्याने घोंगडीवर ओढायचा, हा विणण्याचाच शेवट असतो. भाकरी भाजली असं सांगताना कोणी पाणी लावलं होतं हे वेगळं सांगत नाही. बिनखळीचा माल दारातून बाहेर जाणं म्हणजे पोरीला न्हाऊ न घालता सासरी धाडणं. एरवी मागावर दोरा तुटू नये म्हणूनही त्याला खळ देतात; हा दोरा जाड होता, ती भीती नव्हती, म्हणून सिद्धनाथला वाटलं की खळीचा प्रश्नच येणार नाही. आणि शालनबाईला वाटलं, पोतेरं तर पोतेरं, पण माझ्या हातचं आहे. इहिणीच्या दारात जाणार आहे. तिने आळीतल्या सगळ्या बायकांना बसवून एकेका पट्टीला अशी खळ दिली, की लोड शिवून झाले तेव्हा ते लाकडाच्या ओंडक्यांसारखे टणक वाजत होते.

पुढच्या पावसाळ्याला अवकाश होता तेव्हाच वारा फिरला. केतकीचा फोन आला. तवंग निघाला होता आणि उद्या दुपारच्या भरतीबरोबर खाडीच्या तोंडाशी येणार होता. लोड विजेच्या टेंपोत भरले. शेवटचा लोड चढवून झाल्यावर शालनबाई स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

"तुम्ही कशाला, मावशी?" ड्रायव्हर म्हणाला. "घाट लई वळणाचा हाय."

"माल माझा हाय. मी पोचवणार," ती म्हणाली.

सकाळी टेंपो मोरव्याच्या धक्क्यावर लागला तेव्हा सगळी वाडी जमली होती. पुढे जयवंती होती, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हातात कालवं फोडायचा कोयता. तिने शालनबाईला पाहिलं आणि कोयता पाठीमागे नेला, जसा एखादा पोरगा विडी लपवतो.

"इलात? बसा मगे. चाय घेतलास?"

"च्या मागनं. आदी काम."

पहिला लोड काथ्याच्या दोरीला बांधून खाडीत सोडला. सिद्धनाथने चाचणीसाठी पाण्यावर थोडं तेल ओतलं. लोड क्षणभर तरंगला. मग एका बाजूने कलला, चिकट होऊन फुगला, आणि म्हैस डबक्यात बसावी तसा सावकाश पाण्यात बसला. तेल त्याच्यावरून निवांत पलीकडे गेलं.

जयवंतीला राहवलं नाही.

"जावयानूं, ह्यो लोड पाणी पिता. त्याल कोणी पियाचा? मी?"

दोनचार बायका फिसकन हसल्या. शालनबाईचं तोंड एवढंसं झालं. दुसरा लोड सोडला. तोही बसला. सिद्धनाथ गुडघाभर पाण्यात उतरला, लोडावरून हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर चोळून बघत राहिला. बोटांमध्ये बुळबुळीत तार येत होती.

"आई," तो म्हणाला, "तू याला काय लावलंस?"

"काय न्हाय रं. तूच म्हणालास न्हवं, काय लावू नगं."

"हे बुळबुळीत काय आहे?"

शालनबाईने बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही.

"ती... ती खळ हाय," ती म्हणाली.

सिद्धनाथ कपाळावर हात मारणार होता, पण आईचं तोंड बघून त्याने हात खाली घेतला. केतकी पुढे झाली. शांतपणे, जशी ती केंद्रात शिकाऊ मुलांना सांगत असेल तशी, तिने सांगितलं. चिंचोक्याच्या पिठाला पाणी फार प्रिय. खळीचा थर लेपाच्या वर बसला, त्यामुळे लोकरीला तेल दिसतच नाही, तिला दिसतं ते फक्त पाणी. खाली लेप शाबूत आहे. वरची खळ काढता आली तर लोड पुन्हा तेल पितील.

"खळ थंड्या पाण्यानं जात न्हाय," शालनबाई पुटपुटली. "कढत पाणी पायजे. आन् तुडवायला पायजे."

"साबण?" सिद्धनाथने विचारलं.

"साबणानं आपला लेपच ढिला होईल," केतकी म्हणाली. "नुसतं कढत पाणी. पण एवढं कढत पाणी दुपारपर्यंत आणायचं कुठून?"

आणि मग जयवंती, जी आतापर्यंत कमरेवर हात ठेवून उभी होती, म्हणाली, "काजूच्या कारखान्यात बी वाफवतत ता काय थंड्या पाण्यान? चला!"

धक्क्याच्या मागे वाडीच्या बायकांचाच काजू कारखाना होता. तिथला बॉयलर पेटवला. बी भिजवायच्या मोठाल्या सिमेंटच्या टाक्यांत वाफेने पाणी तापवलं, पायाला सोसेल इतपत. लोड टाक्यांत टाकले आणि बायका दोघी दोघी आत उतरल्या. चिखलात भात लावायला उतरल्यासारखा सगळा प्रकार. शालनबाई पहिल्या टाकीत उतरली. समोरून काष्टा वर खोचून जयवंती उतरली.

"तुमी कशाला? भाजंल पाय."

"माझी बाग आसा, विहिणबाय. तुमी एकट्याच तुडवशात तर भरती थांबात काय?"

टाकीचा तळ बुळबुळीत झाला होता. जयवंतीचा पाय सरकला, तिने पटकन शालनबाईचा खांदा धरला. मग तो सोडला नाही. शालनबाईनेही तिच्या दंडाला धरलं. दोघी समोरासमोर, एकीचा उजवा पाय तर दुसरीचा डावा, अशा तुडवू लागल्या. पाणी पांढुरकं, दाट होत गेलं. आपल्याच हातची खळ शालनबाई आपल्याच पायाने काढत होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "इहीणबाई, एक विचारू?"

"विचारा."

"लग्नातली ती घोंगडी बोटीत का टाकलीसा?"

जयवंतीचे पाय थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"टाकली नाय हो. ह्येंनी नेली." ह्येंनी म्हणजे केतकीच्या बापाने. "थंडयेत मासे मारूक जायत तेव्हा पहाटचो वारो हाडांत शिरता. तुमची घोंगडी तंबूसारखी उभी रवायची, वारो आत येयना. मी म्हणायचंय, घराक आणा, वास मारता, धुतंय. तर म्हणायचे, नको. धुतलस तर विहिणीन लावलेली खळ जायत, मगे उभी रवाची नाय."

शालनबाई तुडवायची थांबली.

"रोज रोज समुद्राच्या पाण्यात भिजान खळ गेली ती गेलीच," जयवंती पुढे सांगत होती. "पण ते सोडीनत. मगे ते गेले. घोंगडी होडयेतच रवली. घराक आणूक माझ्याच्यान झाला नाय. एक दिस इंजिनाची नळी फुटली. डिझेल सगळा खाली सांडला, आणि घोंगडी त्याच्यात. केतकी रडाक लागली, बाबांची घोंगडी नासली म्हणान. उचलून बघता तर घोंगडी काळी, आणि होडयेच्या तळाक पाणी नितळ, आरशासारखा. ती रडता रडता गप रवली आणि तुमच्या झिलाक, सिद्धनाथाक, हाक मारल्यान. थयसून ह्या सगळा सुरू झाला. तुमका सांगूक नाय तेंनी?"

"न्हाय," शालनबाई म्हणाली. "म्हणाली, असंच सापडलं."

"तुमका वायट वाटात म्हणान. मानाची घोंगडी ना ती, आणि इंजिनाखाली पडलेली."

टाकीवर वाफ दाटली होती, म्हणून कोणाच्या डोळ्यांत काय आहे ते कळत नव्हतं. शालनबाईने नाक ओढलं.

"मग मांडवात तसं का बोललासा?"

"कसा?"

"उकडतंय म्हणून."

जयवंती तिच्याकडे बघतच राहिली. "अहो, वैशाख होतो! भर दुपारी लोकरीची घोंगडी घातलास माझ्या आंगार! उकडत होता म्हणान उकडता म्हटलंय. दुसरा काय म्हणू?"

शालनबाईला हसू फुटलं. ते आवरेना. जयवंतीलाही फुटलं. दोघी एकमेकींना धरून टाकीत हसायला लागल्या, तेव्हा शेजारच्या टाकीतली केतकी ओरडली, "आये! आई! पाय चालवा! भरती लागली!"

टाक्यांतून काढलेले लोड पाणी निथळवून जयवंतीच्या होडीत भरले. एकेक लोड खाडीच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत बांधत नेला. आता लोड तरंगत होते, हलके, चिमण्यांसारखे. समुद्राकडून काळ्या तेलाचा तवंग येताना दिसत होता, उन्हात त्यावर मोरपिसाचे रंग खेळत होते. काठाच्या शेवटी, नेमक्या जयवंतीच्या बागेजवळच्या खडकापाशी, अंतर उरलं. एक लोड तुडवताना शिवणीतून उसवला होता. दुसरा तापवायला वेळ नव्हता. तवंगाची काळी जीभ त्या फटीकडे वळू लागली होती.

सिद्धनाथ इकडेतिकडे बघू लागला. जयवंतीने मात्र होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, हात घातला आणि एक काळी, चुरगळलेली गुंडाळी बाहेर काढली. किनार पांढरी होती, दुहेरी. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला. शालनबाईने ती ओळखली. आपलं काम कुठेही ओळखता येतं.

"ही घाला," जयवंती म्हणाली.

"नगं," शालनबाई म्हणाली. "ती त्यांची हाय. दुसरं बघू कायतरी."

"दुसरा काय आसा?"

काहीच नव्हतं. शालनबाईला ते दिसत होतं आणि जयवंतीलाही. जयवंतीने घोंगडी छातीशी धरली होती. तिने ती शालनबाईकडे दिली, पण हात लगेच सोडला नाही. मग सोडला.

शालनबाईने कमरेची सुई काढली. सणगराच्या बाईच्या कमरेला सुई असतेच. तिने घोंगडीची घडी घातली, लोडाच्या टोकाला टाके मारले, दुसरं टोक खडकातल्या लोखंडी कड्याला बांधलं. तिच्या आयुष्यात तिने इतक्या घाईने आणि इतके वाकडे टाके कधी मारले नव्हते. घोंगडी पाण्यावर पसरली. तवंग येऊन तिला लागला. तेलाची काळी किनार हळूहळू रुंदावत गेली, पांढरी किनार दिसेनाशी झाली, आणि पलीकडे बागेच्या बांबूंभोवतीचं पाणी हिरवंगार, स्वच्छ राहिलं.

मग खरं काम सुरू झालं. लोड भरले की होडीतून धक्क्यावर आणायचे, पिळायचे, पुन्हा नेऊन बांधायचे. पिळायला बाजारातल्या रसवंतीवाल्याचा उसाचा चरक उचलून आणला होता. त्याला घुंगरं बांधलेली होती, ती सोडायला कुणाला सुचलं नाही. लोड आत जायचा, घुंगरं छुमछुम वाजायची आणि खालच्या पिंपात काळं तेल पडायचं. वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "आलं-लिंबू घाला गो थोडा!" तेव्हा तेलाने माखलेल्या बायका खो खो हसल्या. ओहोटी लागून तवंग ओसरेपर्यंत हे चाललं होतं.

लग्नातली घोंगडी मात्र चरकात टिकली नाही. आधीच जीर्ण, त्यात इंजिनाची उष्णता खाल्लेली. ती रुळांमधून बाहेर आली ती चिंध्या होऊन. किनारीचा एक तुकडा तेवढा शाबूत होता. जयवंतीने तो घेतला आणि कमरेला खोचला. रात्री जेवायला केतकीने कालवांचं सुकं केलं. शालनबाईने आयुष्यात पहिल्यांदा ते खाल्लं, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि जयवंतीने तिचं ताट भरताना म्हटलं, "खावा. तुमच्याच घोंगडयेन राखलेली आसत."

कुरणेवाडीला परतल्यावर शालनबाईने आळीत बजावून टाकलं की तेलपीला खळ द्यायची नाही, कितीही वाईट वाटलं तरी. मग तिने स्वतःच्या मागावर दुसरंच काम लावलं. काळीभोर लोकर, पांढरी दुहेरी किनार. विणताना तिच्या डोळ्यांसमोर कोकणातला घामट उकाडा होता आणि विहिणीचं वय होतं. घोंगडी विणून झाली तेव्हा तिने चिंचोक्यांची बरणी फळीवरून खाली घेतली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा वर ठेवली. आळीतून बाहेर जाणारी ती पहिली बिनखळीची घोंगडी. मऊ, अंगावर पडेल अशी. शेजारणीने विचारलं, "अशी धाडणार?" शालनबाई म्हणाली, "व्हय, अशीच. त्यांना उकडतं."

थंडीच्या सुरुवातीला पार्सल मोरव्याला पोचलं आणि त्याच संध्याकाळी फोन आला. पडद्यावर जयवंती होती, मागे खाडी, खांद्यावर घोंगडी.

"विहिणबाय, घोंगडी इली."

"आवडली का?"

"बरी आसा. पण ह्येका खळ खंय?"

शालनबाई गडबडली. "मुद्दाम न्हाय लावली. मऊ ऱ्हावी म्हणून. तुमच्यासाठी."

"ही आंगार पडता," जयवंती म्हणाली. तिने घोंगडीचा एक कोपरा धरून उभा करायचा प्रयत्न केला, तो लगेच वाकला. "तेंची उभी रवायची. तंबूसारखी. पहाटे मी होडयेर जातंय आता, कालवां बघूक. माझ्या बाजूक ती तशी उभी रवलेली व्हयी. परत धाडतंय. खळ लावून द्या."

"आवं, पण उकडतंय न्हवं तुमच्याकडं?"

जयवंती थोडा वेळ खाडीकडे बघत राहिली. मग पदराने नाक पुसून म्हणाली,

"उकडांदे."

फोन बंद झाला. शालनबाई उठली. फळीवरची बरणी तिने खाली घेतली, चुलीवर तवा ठेवला आणि मूठभर चिंचोके भाजायला टाकले.